पाहुण्यांचा उजेड

गेल्या फाल्गुनात शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी बेलापूरच्या जेट्टीवरून सुटणाऱ्या एका लाँचमध्ये मी बसलो होतो. आमच्या सेक्टरातल्या काही मंडळींनी ती तीन तासांसाठी ठरवली होती. माहिती सांगायला एक तरुण गाईड होता, हातात माईक, गळ्यात ओळखपत्र. व्हॉट्सअॅपवर आलेल्या निरोपात ‘रिव्हर क्रूझ आणि दिव्यांची मुंबई’ असे लिहिले होते. ही काही नदी नाही, आहे ती पनवेलची खाडी. पण हल्ली पाण्यातल्या कुठल्याही फेरीला रिव्हर क्रूझ म्हणायची पद्धत पडली आहे, तेव्हा त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

अष्टमीच का, हे मात्र सांगायला हवे. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचे, चाराने भागायचे. येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी सुकती आणि जेट्टीपुढे चिखल. तेव्हा संध्याकाळची सहल काढायची तर सप्तमी-अष्टमी बरी. पाणी भांगाचे असते, फार चढत नाही, पण लाँच लागण्यापुरते असते. गाईडला हा हिशेब माहीत नव्हता. तांडेलाला माहीत होता.

निघण्यापूर्वी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसे गेली. त्याला तीन महिनेही झाले नव्हते. कोणी कुरकुर केली नाही.

खाडीच्या तोंडाशी येईपर्यंत अंधारले. उजवीकडे नेरूळ-सीवूड्सच्या इमारती, डावीकडे उलवे, समोर तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, डोंगर. मग अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला तो खुला झाला, लांबी पावणेबावीस किलोमीटरच्या वर, त्यातले साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. खालून जाताना दिव्यांची ती रांग दोन्ही बाजूंना संपतच नाही. गाईडने आकडे बरोबर सांगितले, लोकांनी फोन उंचावले. पुढे डाव्या हाताला न्हावा-शेव्याच्या बंदराचे क्रेन, पिवळ्या दिव्यांनी न्हालेले. दूर मुंबईचा किनारा. मध्ये जवाहर द्वीप, जुने नाव बुचर बेट, जिथे तेलवाहू जहाजे लागतात. तिथला उजेड रात्रभर जळतो. या सगळ्याची माहिती माईकवरून येत होती.

मग समोर दोन टेकड्यांची एक काळी आकृती आली आणि गाईड म्हणाला, “ही एलिफंटा. लेणी संध्याकाळी बंद होतात. रात्री इथं बघण्यासारखं काही नसतं.” लाँच वळली.

बेटाच्या ईशान्येला, आमच्या बाजूला तोंड करून, मोराबंदर आहे. तिथले दिवे मोजता येतील इतके होते, आणि मी ते मोजत होतो. माझी धाकटी मावशी त्या गावात दिलेली. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत न्हाव्याहून होडीने आम्ही तिकडे जायचो. त्या घरी मी पहिला विजेचा दिवा पाहिला तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. म्हणून गाईडचे वाक्य कानात राहिले. घरी आल्यावर मी जुनी टिपणे काढली, कारण या बंदरातली दिव्यांची संध्याकाळची सहल ही काही आजची कल्पना नाही आणि तिच्यातल्या सर्वांत गाजलेल्या सहलीचा शेवटचा थांबा हेच बेट होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या सहलीला दीडशे वर्षे होतात.

८ नोव्हेंबर १८७५ रोजी व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड (पुढचा सातवा एडवर्ड) ‘सेरापिस’ या जहाजाने मुंबईला उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस होता. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा सर फिलिप वुडहाउस. स्वागताला व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक जातीने आला होता आणि देशी संस्थानिकांची रीघ लागली होती. मुक्काम पाच दिवसांचा. त्यात दरबारी भेटीगाठी, शाळेच्या मुलांचा मेळावा, गोदीच्या बांधकामाची पायाभरणी (हीच पुढची प्रिन्सेस डॉक) आणि वाढदिवसाच्या रात्री शहरभर रोषणाई. राजपुत्राबरोबर ‘टाइम्स’चा नामांकित बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल होता. त्याने या दौऱ्याची दैनंदिनी १८७७ मध्ये पुस्तकरूपाने छापली. ते जाडजूड पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला मला एक पावसाळा लागला, पण त्यातून त्या काळच्या सरकारी समारंभाचे सगळे यंत्र कसे फिरत होते ते कळते.

या मुक्कामाच्या अखेरीस, पुण्याला निघण्यापूर्वी, राजपुत्राला संध्याकाळी बोटीने घारापुरीला नेण्यात आले. लेण्यात जेवणाची टेबले मांडली होती. ज्या मंडपाच्या दक्षिण भिंतीत महेशमूर्ती आहे, त्याच मंडपाच्या खांबांमधून पाहुण्यांच्या रांगा बसल्या. लेणी दिव्यांनी उजळली होती. विलायतेतल्या सचित्र साप्ताहिकांनी या मेजवानीची चित्रे छापली आणि घारापुरी हे नाव माहीत नसलेल्या लाखो घरांत ‘एलिफंटाची गुहा’ पोचली.

तिथीचा हिशेब मी इथेही करून पाहिला. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या ऑक्टोबरच्या अखेरीस होती, म्हणजे राजपुत्राचा मुक्काम कार्तिक शुद्ध दशमीपासून पुढे, थेट त्रिपुरी पौर्णिमेच्या उंबऱ्यापर्यंत. त्रयोदशी-चतुर्दशीला भरती रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास येते. दुपारी सुकती लागून गेलेली, संध्याकाळी पाणी चढायला लागलेले आणि जेवण उरकून निघायच्या वेळी बंदर तुडुंब. वर जवळजवळ पूर्ण चंद्र. दिवस कोणी ठरवला असेल तो असो, पण या पाण्याची जाण असलेला एखादा खलाशी त्या समारंभाच्या पाठीशी होता, असे मला वाटते.

आणि त्रिपुरी पौर्णिमा म्हणजे शंकराच्या देवळात दिवे लावायची रात्र. महादेवाच्या लेण्यात त्या आठवड्यात दिवे लागलेच, फक्त ते जेवणाच्या टेबलांवर होते. यात कोणाला मुद्दाम अपमान करायचा होता असे मी म्हणत नाही. लेणे म्हणजे पाहण्याची वस्तू, हा समज सरकारात तोवर पक्का झाला होता. बर्जेसचे घारापुरीवरचे पुस्तक १८७१ मध्येच आले होते, मोजमापांसह. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले, त्याचे तुकडे १८६४ मध्ये मुंबईला राणीच्या बागेत हलवलेले होते आणि ते जोडून उभा केलेला हत्ती आजही तिथल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात घारापुरीचे सविस्तर वर्णन आहे (तेव्हा उरण-पनवेल ठाणे जिल्ह्यात होते). त्यात लेण्यांना पाने न् पाने दिली आहेत, आणि त्यातच नोंद आहे की महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. म्हणजे पाहुणे आले नाहीत तरी त्या लेण्यात वर्षातून एकदा तरी गावकऱ्यांच्या आणि भाविकांच्या पणत्या लागत होत्या. त्यांचे चित्र कोणत्या साप्ताहिकाने काढले नाही इतकेच.

त्या काळची रोषणाई म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाला चटकन डोळ्यांपुढे येणार नाही. एडिसनचा दिवा १८७९ चा, त्याला अजून चार वर्षे होती. मुंबईच्या मोठ्या रस्त्यांवर गॅसचे दिवे दहाएक वर्षांपूर्वी आले होते, बेटावर गॅसची नळी जाणे शक्यच नव्हते. तेव्हा मोठ्या रोषणाईची भिस्त काचेच्या लहान पेल्यांवर असे. तळाला पाणी, वर तेल, त्यात वात. असे हजारो पेले लाकडी चौकटींवर टांगायचे, वात विझली की पेटवायला माणसे उभी ठेवायची. शिवाय रंगीत उजेड पाडणाऱ्या चंद्रज्योती आणि दारूकाम. हे सगळे बोटीने आणायचे, डोंगर चढवायचे आणि संपले की उतरवायचे. उजेड हा सामानासारखा होता. पाहुण्यांबरोबर यायचा, पाहुण्यांबरोबर जायचा.

त्याच वर्षी, १८७५ मध्ये, कुलाब्याच्या टोकापलीकडे खडकावर प्राँग्ज दीपगृह उभे राहिले. खांदेरीचे दीपगृह त्याआधीचे, १८६७ चे. जहाजांना लागणारा उजेड रोज रात्री लागत होता आणि त्याचा खर्च कोणाला जड वाटत नव्हता.

एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. सेहेचाळीस वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९२१ ला, याच राजपुत्राचा नातू, नवा प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईला उतरला. त्या दिवशीही मुंबईत मोठा उजेड पडला, पण तो परळला गांधीजींच्या उपस्थितीत पेटलेल्या विलायती कापडाच्या होळीचा. पाठोपाठ शहरात दंगल झाली आणि दिवसचे दिवस चालली. आजोबांच्या सहलीची नक्कल करण्याचे दिवस संपले होते.

वीज मात्र या मधल्या काळात आमच्या अवतीभवती सगळीकडे आली. मुंबईत १९०५ मध्ये वीजपुरवठ्याची कंपनी निघाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटावरच्या तळ्यांचे पाणी मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. नकाशा पुढे घेऊन पाहा. खोपोली पूर्वेला, मुंबई पश्चिमेला, मध्ये पनवेल, बेलापूर, उरण. माझ्या वडिलांच्या लहानपणी या मधल्या पट्टीतल्या गावांत पश्चिमेचे आभाळ रात्री लालसर दिसे आणि म्हातारी माणसे ‘ती मुंबई’ म्हणून बोट दाखवत. घरात चिमणी. पुढे ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र आले. जवाहर द्वीपावर तेलाचे धक्के झाले, ते घारापुरीपासून हाकेच्या अंतरावर. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि आमच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. १९८२ पासून उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र सुरू झाले. घारापुरी हे उरण तालुक्यातलेच गाव. तालुक्यात वीज तयार होऊ लागली आणि तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत कंदील चालू राहिला, तोही पुढची छत्तीस वर्षे.

या छत्तीस वर्षांत बेटाला पाहुण्यांची कमतरता नव्हती. १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लेण्यांचे नाव आले. १९८९ पासून पर्यटन महामंडळाचा एलिफंटा महोत्सव सुरू झाला. पहिल्या वर्षांत मी एकदा गेलो होतो. संध्याकाळी बोटी भरून रसिक यायचे, लेण्यांबाहेर रंगमंच, नृत्य, संगीत आणि डोंगराच्या कड्यावर रंग बदलणारे झोत. जनरेटरचा आवाज झाडीत दडवलेला. कार्यक्रम उत्तम होता, हे प्रामाणिकपणे लिहितो. संपल्यावर रसिक बोटीत बसले, मी मावशीकडे राहिलो. डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून हातात बॅटरी घेऊन उतरताना मागे वळून पाहिले तर झोत बंद झाले होते. मावशीने दारातच विचारले, “झाला का नाच?” आणि मग म्हणाली, “पावनं असलं का लाईट, गेलं का कंदील.”

अगदीच काही नव्हते असे नाही. पर्यटन महामंडळाच्या जनरेटरवर बेटाला रोज संध्याकाळी तीन-साडेतीन तास वीज मिळायची. त्या तीन तासांत पोरांचा अभ्यास, टीव्हीवरची मालिका, फोनचे चार्जिंग आणि पाण्याचा पंप. डिझेल बोटीने यायचे. पावसाळ्यात बोट नाही आली किंवा यंत्र बिघडले की तेवढेही नाही. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे मिळून वस्ती हजाराच्या आसपास, बहुतेकांचे पोट पर्यटकांवर. ताक, कैऱ्या, बोरे, सरबत, दागिने, मूर्ती. थंड विकायचे तर बर्फ मुंबईहून बोटीने आणायचा, दुपारपर्यंत निम्मा वितळलेला. शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गेली की पर्यटकाला बेटावर राहता येत नाही. म्हणजे अंधार पडण्यापूर्वी गिऱ्हाईक गेलेले, आणि अंधारात गाव एकटे.

वीज का आली नाही याचे उत्तर ‘सरकारने दुर्लक्ष केले’ एवढे सोपे नाही, हे मला पुढे कागद वाचताना पटले. बेट चारी बाजूंनी पाण्यात, भोवतीच्या पाण्यातून मोठ्या जहाजांची वाट. मनोरे टाकून तारा नेणे अवघड, समुद्राच्या तळाशी केबल पुरायची तर बंदर, किनारा नियमन, पुरातत्त्व अशी एकाहून एक खाती. आणि इतके करून ग्राहक किती, तर दोनशे घरे. अखेर महावितरणने ते काम केले. न्हाव्याच्या बाजूने साडेसात किलोमीटर लांबीची केबल समुद्रतळाखालून नेली, तीही एक नाही तर चार, म्हणजे एक बिघडली तरी पुरवठा तुटू नये. खर्च सुमारे पंचवीस कोटी. तिन्ही गावांत रोहित्रे बसली, रस्त्यांवर उंच खांबांचे दिवे लागले. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

पंचवीस कोटींना दोनशेने भागले तर घरामागे साडेबारा लाख रुपये येतात. हा भागाकार मला त्या वेळी एका सुशिक्षित स्नेह्याने करून दाखवला आणि विचारले, एवढ्यात त्यांना पनवेलला फ्लॅट नसता आला? माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज मी विचारीन की राजपुत्राच्या ताटामागे किती आले असतील, आणि तो हिशेब मागणारे कोण होते. गावाच्या दिव्याचाच भागाकार होतो.

उद्घाटनानंतर आठवड्याभराने मी मोराबंदरला गेलो. मावशी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने सगळे दिवे लावून ठेवले होते, न्हाणीतला सुद्धा, आणि दुपारचे दोन वाजले होते. मी म्हटले, “मावशे, उन्हात कशाला?” तर म्हणाली, “जातो का बघतंय.” संध्याकाळचे साडेदहा वाजेपर्यंत ती तशीच बसून राहिली, कारण जनरेटर बंद व्हायची ती वेळ. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. मग ती उठली आणि झोपायला गेली. दिवे तसेच. मलाच उठून बंद करावे लागले. पुढच्या मे महिन्यात धाकट्या मावसभावाने फ्रीज घेतला आणि पायऱ्यांवरच्या टपरीवर थंड पाण्याच्या बाटल्या ठेवायला लागला. मुंबईहून बर्फ आणणे त्याने त्या वर्षी थांबवले.

अडचणी संपल्या असे नाही. पाणी, दवाखाना, रात्रीची बोट हे प्रश्न आहेत तिथेच आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या नव्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचे उद्घाटन झाले तेव्हा घारापुरीचे नाव मार्गांच्या यादीत होते. पण मावसभावाला मुलाला ताप आला तर अजून न्हाव्याला होडीच काढावी लागते, आणि रात्री ती काढायला तांडेल भरती-सुकती बघतो.

पावसाळ्यापूर्वी आमच्या त्या गाईडची पुन्हा गाठ पडली. मी त्याला एका कागदावर १८७५ आणि २०१८ अशा दोन्ही तारखा, केबलची लांबी आणि मेजवानीची हकीकत लिहून दिली. म्हटले, बेटाजवळ लाँच वळवायच्या आधी दोन मिनिटे हे सांग. पोरगा चांगला आहे, त्याने कागद नीट वाचला. प्रिन्सची गोष्ट त्याला फारच आवडली, लगेच फोनवर त्या मेजवानीचे चित्र शोधले. मग कागदाच्या खालच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाला, “काका, प्रिन्सचं सांगतो. पण केबलचं कोण ऐकणार?”

मी त्याला म्हटले, निदान त्या बाजूचे दिवे दाखव. आता तो लाँच वळवताना मोराबंदरकडे हात करतो, असे आमच्या मंडळातल्या एकांनी सांगितले. काय सांगतो ते त्यांना वाऱ्यामुळे ऐकू आले नाही.